काकीचे झाड आणि खताची मात्रा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ह्या व्याख्यानमालेत माझ्याआधी ज्यांनी भाषणे केली ती मंडळी आपापल्या विषयांतील जाणकार होती. मी कलाशाखेचा साधा बी. ए. असून तीस वर्षांहून अधिक काळ केंद्र सरकारच्या फायलींवर शेरे मारण्यात घालविलेला माणूस आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा माझ्या तोंडून सहज निघून गेले, "आमच्या अंगणातल्या झाडाविषयी बोलेन." ते म्हणाले, "बोला, पण रुक्ष नको." आता झाडाविषयी बोलताना रुक्ष होऊ नये, ही अट मोठी गमतीची आहे, कारण संस्कृतात रुक्ष ह्या शब्दाचा एक अर्थ झाड असाच आहे. असो.

देहरादूनच्या आमच्या सरकारी निवासस्थानाच्या अंगणात एक झाड आहे. इकडची मंडळी त्याला 'जापानी फल' म्हणतात. इंग्रजी नाव पर्सिमॉन आणि मूळ जपानी नाव 'काकी'. हे शेवटचे नाव ऐकल्यावर आमच्या घरी दुसरे नाव चालणे शक्यच नव्हते. "काकीला पाणी घातलेत का?" असा प्रश्न आमची मंडळी मला विचारीत तेव्हा पाहुणे दचकून आत बघत. वनस्पतिशास्त्रातील नाव डायोस्पायरस काकी. पहिला शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ देवांचे फळ असा काहीसा होतो.

हे कूळ आपणांस परके नाही. माझे बालपण गोंदियाकडे गेले. तिकडच्या रानातली टेंभुर्णी ही ह्या काकीची सख्खी नातलग. तिची टेंभरे आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत खात असू. कच्चे तोंडात पडले तर जीभ टाळूला चिकटावी इतके तुरट आणि पिकले की गोड. काकीच्या पुष्कळ जातींचेही तेच आहे. टेंभुर्णीच्या पानांना तेंदूपत्ता म्हणतात आणि त्यांच्या विड्या वळतात. पाने चांगली यावीत म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी तिची झुडपे छाटतात, आणि छाटलेल्या खुंटांतून लुसलुशीत नवी पालवी फुटते. मला हे लहानपणापासून ठाऊक होते. ज्याला पाने हवीत तो छाटतो, हे डोळ्यांनी पाहिलेला मी पुढे फुलांच्या आशेने एक झाड वर्षानुवर्षे छाटीत राहिलो! तीच चूक आज आपणांपुढे कबूल करावयाची आहे.

हे झाड माझे नव्हे. २०१५ साली मी येथे बदलून आलो तेव्हा माझ्या आधीचे अधिकारी निवृत्त होऊन आपल्या गावी निघाले होते. ते कुलूकडचे. आम्ही त्यांना ठाकूरसाहेब म्हणत असू. कुलूच्या खोऱ्यात ह्या फळाच्या बागा आहेत. त्यांनी २०११ साली घरून एक कलम आणून अंगणात लावले होते. अमलोक नावाचे ह्याच कुळातले रानटी झाड तिकडे होते. त्याच्या रोपावर हे कलम बांधतात. निवासस्थानाचा ताबा देताना त्यांनी यादीप्रमाणे पंखे, गीझर, दारेखिडक्या सर्व मोजून दिले. यादीत झाडाचा रकाना नसतो. ते मला झाडापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "हे दोनतीन वर्षांत फुलेल. शरद ऋतूत पाने लालभडक होतील, मग ती गळतील आणि उघड्या फांद्यांवर नारिंगी फळे राहतील. नुसते बघायला म्हणून लावले आहे. फळे आली की कळवा."

मी शब्द दिला आणि झाडाची सेवा सुरू केली. गुलाबांसाठी आणलेले युरियाचे पोते घरात होते. फेब्रुवारीत एक ओंजळ, पावसाच्या आरंभी एक, ऑगस्टात एक. शिवाय जानेवारीत माळ्याकडून फांद्यांचे सर्व शेंडे एकसारखे छाटून घ्यावयाचे, म्हणजे झाड कसे डेरेदार दिसते! झाड वाढले. पाने तळहाताहून मोठी, गर्द हिरवी. कोंब एका हंगामात पुरुषभर उंच. येणारेजाणारे तारीफ करीत. पण २०१६ साली फूल नाही, २०१७ साली नाही. त्या वर्षी दिवाळीला ठाकूरसाहेबांचा फोन आला, "लाल झाले का?" बंधुभगिनींनो, मी त्यांना सांगितले, "हो, झाले आहे. फळेही आली आहेत थोडी." एका वृद्ध माणसाला वाईट वाटू नये म्हणून खोटे बोललो, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे कारण, माझे अपयश मला सांगवत नव्हते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये एका सकाळी फाटक वाजले. ठाकूरसाहेब दारात उभे. मुलीच्या कामासाठी देहरादूनला आले होते. चहाचा पेला हातात घेऊन ते थेट अंगणात गेले. झाड पावसाळ्यातल्यासारखे हिरवेगार होते. एक पान लाल नाही, एक फळ नाही. मी मान खाली घालून उभा. त्यांनी एक पान हातात घेतले, छाटलेले शेंडे पाहिले, कोपऱ्यातले युरियाचे पोते पाहिले आणि हसून म्हणाले, "साहब, आपने तो इसे मोटा कर दिया!" माझ्या खोटेपणाविषयी त्यांनी एक अक्षरही काढले नाही. ते गप्प राहिले, हीच शिक्षा मला पुरेशी झाली.

त्या दिवशी दोन तास त्यांनी मला झाड समजावून दिले. पुढे मी ह्या विषयावर मिळेल ते वाचले. त्याचे सार असे.

काकीचे फूल चालू वर्षाच्या कोवळ्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात येते. ती फूट मात्र मागील वर्षीच्या काडीच्या शेंड्याजवळील डोळ्यांतून निघते, आणि त्या डोळ्यात फूल असावे की नुसते पान असावे, ह्याचा निर्णय आदल्या उन्हाळ्यातच होऊन गेलेला असतो. एप्रिलमध्ये जे फूल दिसते ते त्या एप्रिलचे नसते. म्हणजे मी जानेवारीत शेंडे छाटीत होतो तेव्हा तयार होऊन बसलेली फुलेच कापून टाकीत होतो. आणि फेब्रुवारीत ह्या वर्षीच्या फुलांसाठी म्हणून जे खत घालीत होतो त्याने त्या वर्षी एक फूल वाढणे शक्य नव्हते. आज घातलेल्या खताचा हिशेब पुढच्या वसंतात मिळतो.

आता खताकडे वळू. नत्र हे वाढीचे अन्न आहे. पान, कोंब, मूळ ह्या सर्वांना ते हवे. पण नत्र एकटे काही करीत नाही. पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेशी त्याची सांगड पडते आणि त्यातून नवे कोंब घडतात. नत्र भरपूर मिळाले की झाड घरात आलेली साखर लगेच नव्या कोंबांवर खर्च करून टाकते. शिल्लक काही राहात नाही. वाढ चालू असेतोवर डोळ्यांना फुलाकडे वळण्यास उसंतही मिळत नाही. शिवाय दाट पालवीने आतल्या फांद्यांवर सावली पडते आणि सावलीतले डोळे दुबळे राहतात. त्यातूनही काही फुले आलीच, तर जोमाने धावणारे कोंब त्यांच्या तोंडचे अन्न ओढून घेतात आणि कोवळी फळे गळतात. शरदातला रंग जातो तोही ह्यामुळेच. उशिरापर्यंत नत्र मिळालेले झाड पाने पिकवावयाचे विसरते. शोभेच्या झाडाची शोभाच अशा रीतीने मी खताखाली पुरली होती.

अमेरिकेत क्राउस आणि क्रेबिल ह्या दोघा शास्त्रज्ञांनी १९१८ साली टोमॅटोवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी झाडाच्या चार अवस्था सांगितल्या. नत्र पुष्कळ पण साखर अपुरी, तर झाड दुबळे आणि वांझ. दोन्ही मुबलक, तर झाड जोमदार, पण पालाच पाला. नत्र बेताचे आणि साखर शिल्लक पडणारी, तर फूल आणि फळ. नत्र अगदीच थोडे, तर वाढही नाही आणि फळही नाही. पुढील संशोधनाने दाखविले की सर्व कारभार ह्या एका प्रमाणावर चालत नाही. झाडातील वाढ-संप्रेरकांचाही त्यात मोठा हात असतो. तरीही बागेत उभ्या असलेल्या माणसाला ह्या चार ओळी अजून उपयोगी पडतात. माझे झाड दुसऱ्या ओळीत उभे होते.

आपल्याकडच्या बागायतदाराला हे शास्त्राआधीच उमगले होते. नागपूरकडे संत्र्याचा मृग बहार धरावयाचा असेल तर उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात. झाडाची वाढ थांबते, साठा होतो आणि पावसाबरोबर ते फुलते. कोकणात हापूसची फाजील वाढ रोखून मोहर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढ रोखणारे द्रव्य कित्येक बागांत पावसाळ्यात मुळांशी देतात. येथे देहरादूनला लिचीच्या बागा आहेत. तो बागवान हिवाळ्यात झाडाला निजू देतो, कारण त्या वेळी नवी पालवी फुटली तर मोहर हुकलाच. तिन्ही ठिकाणी युक्ती एकच : झाडाची वाढ योग्य वेळी थांबली पाहिजे.

तर मी युरिया बंद केला. छाटणीही बंद केली. २०१९ च्या वसंतात पाचपन्नास फुले आली आणि जूनपर्यंत सारी गळाली; कारण ते डोळे २०१८ च्या खताच्या वर्षी घडलेले होते. हिशेब मला ठाऊक होता, तरी मन खट्टू झाले. मग आला २०२० चा एप्रिल. टाळेबंदी होती, कचेरी बंद, रस्ते सुनसान. मी रोज सकाळी झाडाखाली खुर्ची टाकून बसे. पानांच्या बेचक्यात चार पाकळ्यांची फिकट पिवळसर फुले उमलली. फूल लहान, आणि त्यामागची हिरवी चौकोनी टोपी मात्र फुलाहून मोठी. हीच टोपी पुढे फळाच्या देठाशी जन्मभर राहते. मंजुळ वास नाही, भपका नाही. शोधल्याशिवाय दिसू नयेत अशी फुले. पण पाच वर्षांनी आली होती. घरात सर्वांना हाका मारून मी ती दाखविली. नोव्हेंबरात झाड लाल झाले, पाने गळाली आणि नव्वदावर फळे उघड्या फांद्यांवर दिव्यांसारखी राहिली. मी ठाकूरसाहेबांना फोन केला आणि प्रथम २०१७ सालच्या खोट्याची माफी मागितली. ते म्हणाले, "मला त्याच दिवशी कळले होते. पहिले फळ आले की माणूस 'थोडी आली' असे सांगत नाही, मोजून सांगतो."

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण उपदेश कानात शिरला की आपण त्याचे दुसरे टोक गाठतो. खत वाईट, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. सलग दोन वर्षे झाडाला शेणखताची एक पाटीही मिळाली नाही. नव्वद फळे पोसून ते थकले होते, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये अकरा फुले आली. भरघोस फळे आली की झाडाचा साठा संपतो आणि त्याच उन्हाळ्यात घडावयाचे पुढचे डोळे उपाशी राहतात. म्हणून काकी एक वर्ष भरते आणि एक वर्ष रिकामी जाते. त्यात मी उपासाची भर घातली. झाड दुसऱ्या ओळीतून उठून थेट चौथ्या ओळीत जाऊन बसले होते. त्या वर्षी घाबरून मी बुंध्याजवळ थोडे खणले, तो मुळे काळीकुट्ट. झाड कुजले म्हणून मी ठाकूरसाहेबांना फोन केला. ते पुन्हा हसले. काकीची मुळे निरोगी असतानाही काळीच असतात!

२०२२ पासून मी जी रीत पाळतो ती सांगतो. डिसेंबर-जानेवारीत, झाड निजलेले असताना, चांगले कुजलेले शेणखत दोनतीन घमेली, बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली. शेणखतात नत्र शेकडा अर्ध्याच्या आसपास असते, मोहरीच्या पेंडीत सुमारे ५ टक्के, आणि युरियात ४६ टक्के. म्हणजे एक किलो युरियातले नत्र शेणखतातून द्यावयाचे तर ९० किलोंहून अधिक शेणखत ओतावे लागेल. मी जी ओंजळ सहज फेकीत होतो तिचे वजन तेव्हा कळले. फुले येण्याच्या सुमारास काही द्यावयाचे नाही. जूनमध्ये कोवळी फळे गळावयाची तेवढी गळून उरलेली धरली, म्हणजे थोडी मोहरीची पेंड व सोबत पालाश; फळ भरताना ह्या झाडाला पालाश बरेच लागते. पावसाळा सरता सरता नत्र पूर्ण बंद. फार फळे धरली तर काही लहानपणीच खुडावयाची, म्हणजे पुढचे वर्ष रिकामे जात नाही. शेंडे छाटावयाचे नाहीत; वाळलेली आणि एकमेकींवर घासणारी फांदी तेवढी मुळापासून काढावयाची. डोंगरातल्या हलक्या जमिनीवरचे बागवाले फुलापूर्वी नत्राचा एक हप्ता देतात. त्यांना पीक विकावयाचे असते. अंगणातल्या शोभेच्या झाडाला त्याची गरज नसते.

दुकानात 'फुलांचे खत' म्हणून स्फुरदाची पुडी मिळते. तिच्याविषयी एक शब्द. जमिनीत स्फुरद कमी असेल तर ते दिल्याने लाभ होतो. पुरेसे असताना अधिक ओतल्याने जास्त फुले येत नाहीत, उलट लोह आणि जस्त मुळांना मिळेनासे होते. फूल पुडीत मिळत नाही.

आपल्यापैकी काहींना बोन्सायचा छंद आहे, त्यांच्यासाठी थोडे अधिक. जपानमध्ये शोभेसाठी काकीची एक धाकटी बहीण कुंडीत वाढवितात. शास्त्रीय नाव डायोस्पायरस ऱ्होम्बिफोलिया. मूळची पूर्व चीनमधील. तिच्या चिनी-जपानी नावाचा अर्थ 'म्हाताऱ्या कावळ्याची काकी' असा आहे, तर इंग्रजीत तीच 'राजकन्या' झाली आहे! तिच्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, म्हणून फळांसाठी मादी झाडाजवळ नर झाड ठेवावे लागते. तेथील रिवाजही हाच : वसंतात फूट निघाल्यापासून फळ धरेपर्यंत खत थांबवावयाचे आणि फळ पक्के धरल्यावर पेंडीच्या वड्या मातीवर ठेवून हळूहळू पोसावयाचे. कुंडीतील मूठभर मातीत साठा नसतो, म्हणून तिला उपाशी ठेवणे जमिनीतल्या झाडापेक्षा अधिक घातक. आणि मुळांना पळावयास जागा नसते, म्हणून अधिक खतही तितकेच घातक. जपानी लोकांत एक म्हण आहे, तिचा आशय असा की पीच आणि चेस्टनटला तीन वर्षे लागतात, काकीला आठ.

माझी निवृत्ती आता फार दूर नाही. निवासस्थान सोडताना पंखे आणि गीझर मोजून देईन. यादीत झाडाचा रकाना अजूनही नाही. म्हणून आज जे आपणांस सांगितले ते एका कागदावर लिहून ठेवले आहे. माझ्यानंतर येणाऱ्याला तो कागद देऊन त्याला झाडापाशी घेऊन जाईन. तो मराठी असेल किंवा नसेल. काकीला त्याचे काही नाही. ठाकूरसाहेबांना दरवर्षी सहा फळे पाठवितो. कुलूच्या माणसाला काकी पाठविणे म्हणजे रत्नागिरीकराला हापूस पाठविणे आहे, पण ते ठेवून घेतात.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. आज ह्या मंडपात जी मुले स्वच्छ मराठीत बोलली, त्यांच्याविषयी आपण एकमेकांचे अभिनंदन करीत आहोत, आणि ते योग्यच आहे. पण हे फूल आजचे नव्हे. ज्यांनी भाड्याच्या एका खोलीत गणपती बसविला, रविवारी चार मुलांना जमवून बाराखडी शिकविली, आणि बदली होऊन फुले पाहण्याआधीच निघून गेले, त्यांच्या उन्हाळ्यात हे डोळे घडले. आपण आज जे देऊ त्याचाही हिशेब पुढच्या वसंतात होईल. तेव्हा द्यावयाचे ते बेताने, वेळेवर आणि न चुकता द्यावे. शेंडे छाटू नयेत. आणि एप्रिलमध्ये फूल दिसले नाही तर खोटे सांगू नये, पुढच्या एप्रिलची वाट पाहावी.

 नोव्हेंबरात सवड झाली तर अवश्य घरी या. काकी भेटेल.